‘राष्ट्रीय’ पाटीच्या आधीचं काम

यंदा पोळ्याला मी नागपुरात होते. डब्लिनला राहायला लागून बारा वर्षं झाली, पण मारबतीच्या दिवशी महाल या जुन्या भागात असण्याचा योग एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदाच आला. दुपारी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवत निघाली, ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठली. संध्याकाळी लाकडी नंदीबैल ओढत गल्लीतली लेकरं दारोदार फिरली. या दोन्हींच्या मधल्या वेळात आमच्या घरी पुडाच्या वड्या खाता खाता एक वाद झाला. तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सुरुवात माझ्या भाचीवरून झाली. ती बारावीला आहे, हात चांगला आहे, तिला डिझाइन शिकायचं आहे. अहमदाबादच्या एनआयडीच्या, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या, प्रवेश परीक्षेसाठी क्लास लावलाय. दादा म्हणाला, “नागपूरला एम्स आलं, आयआयएम आलं, ट्रिपल आयटी आली, लॉ युनिव्हर्सिटी आली, मेट्रो धावून राहिली. मग डिझाइनची नॅशनल संस्थाच काऊन नाही? भोपाळला आहे, कुरुक्षेत्राला आहे, जोरहाटला आहे, विजयवाड्याला आहे. आमच्या पोरीनं घर सोडून अहमदाबादलाच जायचं का?”

वहिनीचे भाऊ शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांचं दुखणं वेगळं. २०२३ मध्ये मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि लक्ष्मीनगरचं आपलं शासकीय चित्रकला महाविद्यालय होतं तिथेच राहिलं, असं ते म्हणतात. “मुंबईचं ते साऱ्या राज्याचं अन् नागपूरचं ते नागपूरचंच,” हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून या ना त्या विषयावर ऐकत आले आहे. त्यात तथ्य आहे म्हणूनच ते टिकलं आहे. नव्या राष्ट्रीय संस्थेपेक्षा जुन्या महाविद्यालयाला तोच दर्जा द्या, हे त्यांचं म्हणणं. दादाचं म्हणणं, जुन्याला दर्जा देऊन काय होणार, नवीनच आणा.

मग सगळे माझ्याकडे वळले. मी डब्लिनच्या राष्ट्रीय कला महाविद्यालयात दोन हिवाळे संध्याकाळच्या मुद्राचित्रणाच्या वर्गाला गेले आहे. दिवसा औषधाच्या कारखान्यात नोकरी, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ शाई, रोलर नि लाकडाचा ठसा. “तू तिकडच्या नॅशनल कॉलेजात जातेस ना गं, सांग बरं यांना,” असं दादा म्हणाला. मला वाटतं त्या कॉलेजाचा इतिहास दादाच्या बाजूचाही नाही आणि मास्तरांच्या बाजूचाही नाही. पण तो वडी खाताना सांगण्याइतका छोटा नाही, म्हणून सवडीनं मांडते.

*

थॉमस स्ट्रीटवर या कॉलेजच्या अंगणात तांब्याचे तीन प्रचंड हंडे उघड्यावर उभे आहेत. पाऊस खाऊन हिरवे पडलेले. ते व्हिस्की गाळायचे हंडे. ही जागा पूर्वी पॉवर्स नावाच्या दारूभट्टीची होती. सत्तरच्या दशकात भट्टी बंद पडली, आणि १९८० पासून कॉलेज टप्प्याटप्प्यानं इथे राहायला आलं. त्याआधीची सव्वादोनशेहून जास्त वर्षं ते दुसरीकडे होतं, आणि खरी गोष्ट तिकडची आहे.

१७४६ मध्ये रॉबर्ट वेस्ट नावाच्या चित्रकारानं डब्लिनच्या जॉर्जेस लेनमध्ये रेखाटन शिकवायची खासगी शाळा काढली. चारच वर्षांत तिला डब्लिन सोसायटीनं आपल्या पंखाखाली घेतलं. ही सोसायटी १७३१ ची. शेती, कारागिरी आणि उपयोगी कला सुधाराव्यात म्हणून गावातल्या सुखवस्तू मंडळींनी उभारलेली. त्यांनी शाळा काढली ती चित्रकार घडवायला नव्हे. पोरांना रेघ मारता आली, माप काढता आलं, वेलबुट्टी रेखता आली, तर गावातलं सुतारकाम, चांदीकाम, छतावरची चुन्याची नक्षी, विणकाम सुधारेल, हा साधा हिशेब होता. शिकवणं फुकट. पुढे मानवाकृती, निसर्ग आणि नक्षी, वास्तू अशा शाखा झाल्या. डब्लिनच्या जुन्या घरांमधल्या छतांची नक्षी बघायला आज जगभरातून लोक येतात. त्या काळात हात बसवलेल्या कारागिरांची ही शाळा.

याच शाळेतून जेम्स होबन नावाचा एक पोरगा शिकून गेला. किलकेनीकडचा, सुतारकाम आणि चाकं बनवायचं काम करणारा. १७८० मध्ये त्याला रेखाटनाबद्दल सोसायटीचं पदक मिळालं. नंतर तो अमेरिकेला गेला आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या घराचा, म्हणजे व्हाइट हाउसचा, आराखडा त्यानं केला. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी व्हाइट हाउसचा विचार केला नाही. एका सुताराच्या पोराला गावात फुकट शाळा होती, आणि तिथे त्याला कुणी जन्मतारखेशिवाय दुसरा दाखला मागितला नसेल, एवढंच मनात आलं.

एकोणिसाव्या शतकात सूत्रं लंडनकडे गेली. १८५३ मध्ये लंडनला विज्ञान आणि कला खातं निघालं, आणि साउथ केन्सिंग्टनहून साऱ्या साम्राज्यासाठी चित्रकलेचा एकच अभ्यासक्रम सुटायला लागला. २३ पायऱ्यांचा. आधी सरळ रेषा, मग वळण, मग सपाट नक्षी, मग प्लास्टरच्या मूर्तीवरून छायाप्रकाश. एक पायरी उतरली नाही तर पुढची नाही. वर परीक्षा आणि परीक्षेवर पैसे. डब्लिनची शाळाही त्या चाकोरीत आली, आणि १८७७ मध्ये सोसायटीच्या हातून सरकारकडे जाऊन तिचं नाव डब्लिन मेट्रोपॉलिटन स्कूल ऑफ आर्ट असं झालं.

हा अभ्यासक्रमाचा क्रम वाचताना मला थेट आठवीचा वर्ग आठवला. एलिमेंटरीची परीक्षा, गुडघ्यावर बोर्ड. समोर स्टुलावर बादली, तिच्यावर टेकवलेला टॉवेल. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, मग कंपासपेटी काढून भूमिती आणि अक्षरलेखन. नंतर इंटरमिजिएट. महाराष्ट्रात लाखो पोरांनी हे केलं आहे, आजही करतात, आता दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. मुंबईचं जे.जे. १८५७ चं. तिथे १८६५ मध्ये शिकवायला आलेले लॉकवुड किपलिंग साउथ केन्सिंग्टनच्याच तालमीतले. आपल्या ग्रेड परीक्षांचं मूळ त्याच झाडाला आहे. डब्लिनची पोरं आणि महालातली आम्ही पोरं, शंभर वर्षांच्या अंतरानं, एकाच साहेबाच्या वहीतून रेघा ओढत होतो.

मी त्या परीक्षांना नावं ठेवणार नाही. आमच्यासारख्या घरात चित्रकलेचा तेवढा एकच कागद ‘ग्रेड’ म्हणून भिंतीवर लागला. पण कारागिराचा हात सुधारायला निघालेली शाळा परीक्षा घेणारी शाळा कधी झाली, हे दोन्हीकडे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तरी त्या चाकोरीतही मधेच एक सुंदर काळ आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेरा पर्सर नावाच्या चित्रकर्तीच्या पुढाकारानं डब्लिनमध्ये रंगीत काचकामाची कार्यशाळा निघाली, आणि ती कार्यशाळा सांभाळणारे ए. ई. चाइल्ड हेच कला शाळेत काचकाम शिकवायला लागले. कार्यशाळा आणि वर्ग एकाच माणसाच्या हातात. हॅरी क्लार्क हा त्यांचा विद्यार्थी. त्याच्या वडिलांचा चर्चच्या सजावटीचा धंदा होता. हा दिवसा वडिलांच्या कारखान्यात काम करायचा आणि संध्याकाळी शाळेत यायचा. ग्राफ्टन स्ट्रीटवर बेवलीज नावाचं जुनं कॅफे आहे. त्याच्या मागच्या दालनात हॅरी क्लार्कच्या खिडक्या आहेत. नागपूरहून कुणी पाहुणं आलं की मी पहिल्या दिवशी तिथे नेते. आई आली होती तेव्हा ती चहा गार होईस्तोवर त्या काचांकडे बघत बसली, आणि शेवटी म्हणाली, “हे कोण्या घरंदाज कारागिराचं काम आहे.” मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

*

आता ‘राष्ट्रीय’ या शब्दाकडे येते, कारण दादाचा सारा भर त्यावर आहे.

१९२२ मध्ये आयर्लंडचं स्वतःचं सरकार आलं. १९३६ मध्ये कला शाळेची पुनर्रचना होऊन तिला नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट हे नाव मिळालं. जागा कुठली, तर किल्डेअर स्ट्रीटला संसदेच्या अगदी शेजारी. पाटी राष्ट्राची, शेजार राष्ट्राच्या सभागृहाचा, आणि कारभार शिक्षण खात्याच्या हातात. दादाला हवं ते सगळं त्या कॉलेजला एका दमात मिळालं होतं.

पुढची पस्तीस वर्षं त्या कॉलेजच्या इतिहासातली सगळ्यात कोरडी वर्षं आहेत. शिकवणं जुन्याच वळणाचं, प्लास्टरच्या मूर्तींवरून रेखाटन. बारीकसारीक गोष्टींची परवानगी खात्याकडे. डिझाइन असं काही जवळपास नाहीच. १९६१ मध्ये आयर्लंडच्या निर्यात मंडळानं डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडमधल्या पाच जाणत्यांना बोलावलं आणि आमच्या मालाकडे, आमच्या शिक्षणाकडे बघा म्हणाले. फिनलंडचे डिझायनर कै फ्रँक (Kaj Franck) त्यांच्यात होते. १९६२ मध्ये त्यांचा अहवाल छापून आला. देशातल्या कला शिक्षणाची अवस्था त्यांनी परखडपणे मांडली, राष्ट्रीय कॉलेजलाही सोडलं नाही. मात्र डोनेगलच्या ट्वीड या लोकरी कापडासारखं जे काम परंपरेतून आलं होतं, त्याला त्यांनी चांगलं म्हटलं. सरकारनं पुढच्याच वर्षी किलकेनीला, तिथल्या किल्ल्यासमोरच्या जुन्या तबेल्यांत, डिझाइनच्या कार्यशाळा काढल्या. कापड, चांदी, मातीकाम, लाकूड.

हे वाचताना भारतातल्या माणसाला चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याही सरकारनं १९५८ मध्ये त्या दोघांना बोलावून असाच अहवाल लिहून घेतला, आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. त्या अहवालात लोट्याबद्दल लिहिलं आहे, आपल्या घराघरातल्या साध्या पितळी लोट्याबद्दल. किती पिढ्यांच्या हातांनी त्याचा घेर, गळा, वजन, ओतायची धार ठरवली असेल, याचा विचार दोन अमेरिकन पाहुण्यांनी केला. नवी स्वतंत्र झालेली दोन राष्ट्रं, तीन-चार वर्षांच्या अंतरानं, पाहुण्यांना बोलावून आपलंच घर दाखवून घेतात, आणि दोन्ही पाहुणे घरातल्या जुन्या हातकामापाशी जाऊन थांबतात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पण किलकेनीला कार्यशाळा निघाल्यानं किल्डेअर स्ट्रीट सुधारली नाही. तिथे पुढे काय झालं, ते पोरांनी केलं. १९६९ पासून विद्यार्थी उठले. प्लास्टरच्या मूर्ती नकोत, डिझाइन शिकवा, कॉलेजच्या कारभारात आम्हाला विचारा. संप, ठिय्ये, कॉलेज बंद. चित्रकलेचे प्राध्यापक मॉरिस मॅकगोनिगल यांनी राजीनामा दिला. स्वतः नावाजलेले चित्रकार, जुन्या शिस्तीचे. त्यांच्या बाजूनंही विचार करावासा वाटतो, कारण ज्या शिस्तीत ते घडले ती खोटी नव्हती. त्याच १९६९ मध्ये सरकारनं लेखक-कलावंतांच्या निर्मितीवरच्या उत्पन्नाला प्राप्तिकर माफ केला होता. कलावंतावर माया करणारं तेच सरकार शेजारच्या कॉलेजला खात्याच्या टेबलावरून हलू देत नव्हतं.

शेवटी १९७१ मध्ये संसदेनं कायदा केला. कॉलेजचा कारभार खात्याकडून काढून स्वतंत्र मंडळाकडे दिला, आणि नावात ‘डिझाइन’ आलं. आज दादा ज्या कॉलेजचं उदाहरण देतो ते या कायद्यानंतरचं आहे. राष्ट्रीय ते १९३६ लाच झालं होतं.

*

“तिकडे पैसा आहे, म्हणून जमलं,” असं मास्तर म्हणाले. आज आहे, हे खरं. २०२२ पासून आयर्लंडनं दोन हजार कलावंतांना दर आठवड्याला ३२५ युरो द्यायचा प्रयोग केला. तो नुसता ऐकून माझ्या ओळखीचा नागपूरचा एक रंगकर्मी फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही. पण १९६१ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या २८ लाखांवर आली होती. आधीच्या कुठल्याही जनगणनेत ती इतकी कमी नव्हती, कारण पोरं बोटीत बसून कामाला इंग्लंड-अमेरिकेला जात होती. अशा देशानं पाहुण्यांना बोलावून टीका ऐकून घेतली, ती छापली, आणि दहा वर्षांत कायदा केला. नागपूर आज त्या डब्लिनपेक्षा गरीब नाही. ज्या शहरात इतके उड्डाणपूल उभे राहतात तिथे चार कार्यशाळांचा खर्च अडतो, हे मला पटत नाही.

आणि तिकडचं सगळं छान असंही नाही. डब्लिनमध्ये घरभाडं असं आहे की कला शिकलेली पोरं शिकून झाल्यावर शहरात राहू शकत नाहीत. पण मला तिथली जी गोष्ट जास्त बोचते ती वेगळीच. कॉलेज ज्या वस्तीत आहे तिचं नाव लिबर्टीज. एकेकाळी ही विणकरांची वस्ती. लोकर, रेशीम, पॉपलिन. १६९९ मध्ये इंग्लंडच्या संसदेनं आयर्लंडच्या लोकरी कापडाची निर्यात बंद केली, नंतर गिरण्या आल्या, आणि माग एकेक करून थांबले. आता वीव्हर स्क्वेअर हे नाव उरलं आहे. टेंटर्स नावाचा भाग आहे, जिथे ओलं कापड ताणून वाळवत. संध्याकाळच्या वर्गाला जाताना मी त्या गल्ल्यांतून चालत जाते. पाट्या वाचत जाते. माग एकही नाही. कलेचं कॉलेज वस्तीत आलं तोवर विणकर जाऊन पिढ्या लोटल्या होत्या.

आपल्याकडे अजून थोडे उरले आहेत. तांडापेठ, गोळीबार चौक, नाईक तलाव या भागात माझ्या लहानपणी हातमागांचा खटखटाट रस्त्यावर ऐकू यायचा. विदर्भातल्या करवती काठाच्या साडीला भौगोलिक मानांकन आहे. कोशाचं रेशीम आणि काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. ती विणताना काठाचा धोटा वेगळा आणि अंगाचा वेगळा, दोघांची गाठ प्रत्येक ओळीत घ्यायची. ही गोष्ट वर्गात फळ्यावर शिकवता येत नाही, मागावर बसलेल्या माणसाच्या शेजारी बसून शिकता येते. शहरातली विणकर सेवा केंद्रासारखी सरकारी कचेरी एका खात्याची, कला महाविद्यालय दुसऱ्या खात्याचं, आणि कोष्ट्याचं पोरगं तिसऱ्याच कुणाच्या यादीत. एकाच शहरात असून यांची गाठ पडावी अशी सोय कुणी केलेली नाही.

चितार ओळीचंही तेच. बडकस चौकाजवळच्या या गल्लीत भोसल्यांच्या काळापासून चितारी घराणी आहेत. वाड्यांच्या भिंती रंगवणारे लोक. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, आश्रय गेला, आणि भिंतीवरचा हात मूर्तीकडे वळला. आज पोळ्यापासून गणपतीपर्यंत ती गल्ली बघावी. दारात मूर्ती, ओसरीवर मूर्ती, पायऱ्यांवर मूर्ती, आणि त्यातून जेमतेम एक माणूस वाट काढेल एवढी जागा. आमच्या घरचा गणपती तीन पिढ्या एकाच घरून येतो.

तिथल्या आजोबांनी यंदा मला सांगितलं, की प्लास्टर ऑफ पॅरिसवर बंधनं आली हे बरं झालं, पण मातीची मोठी मूर्ती उन्हात तडकते, पावसात वाळत नाही, वजनानं हात गळतो, आणि शाडू बाहेरून आणावा लागतो. “कोणी संशोधन करून सांगितलं असतं की आपल्या इकडच्या मातीत काय मिसळायचं, तर आम्ही केलं नसतं काय?” हा प्रश्न पदार्थाचा आहे, साच्याचा आहे, वाहतुकीचा आहे. म्हणजे शंभर टक्के डिझाइनचा आहे. त्या गल्लीपासून चित्रकला महाविद्यालय ऑटोनं वीस-पंचवीस मिनिटांवर. १७५० च्या डब्लिन सोसायटीला हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी तो आपलाच मानला असता. त्यांची शाळा असल्याच प्रश्नांसाठी होती.

म्हणून नवीन राष्ट्रीय संस्थेच्या मागणीला माझा विरोध नसला, तरी ती आधी नको. राष्ट्रीय संस्थेत अखिल भारतीय परीक्षेतून मोजकी पोरं येतील, आणि त्यात नागपूरची किती असतील हे दादालाही माहीत आहे. एम्समुळे निदान शहरातल्या रुग्णाला उपचार मिळतात. डिझाइन संस्थेच्या कुंपणाबाहेरच्या चिताऱ्याला काय मिळेल, याचं उत्तर मागणी करणाऱ्या कुणी अजून दिलेलं मी ऐकलं नाही. मास्तरांचं म्हणणं मला अधिक जवळचं आहे, पण तेही दर्जाच्या शब्दावर थांबतात. दर्जा मिळाला आणि शिक्षकांच्या जागा कंत्राटावर राहिल्या, रंग-मातीच्या खरेदीची फाइल मुंबईलाच जात राहिली, तर पाटी बदलण्यापलीकडे काही होणार नाही. स्वायत्तता आली की शुल्क वाढतं, ही पालकांची भीतीही खोटी नाही. ज्या कायद्यानं स्वायत्तता द्यायची त्याच कायद्यात शुल्काची मर्यादा लिहून घ्यावी लागेल, नाहीतर चितार ओळीचं पोरगं पहिल्याच वर्षी बाहेर पडेल.

मला हवं ते सांगते. लक्ष्मीनगरच्या महाविद्यालयाला स्वतःचं मंडळ असावं, त्यात शिक्षक असावेत, विद्यार्थी असावेत, आणि एक विणकर व एक मूर्तिकार असावा, मतासकट. संध्याकाळचे वर्ग सुरू व्हावेत, बारावीची अट न घालता. चितारी दिवसा काम करतो, कोष्टी दिवसा माग चालवतो. हॅरी क्लार्कही दिवसा बापाच्या कारखान्यात होता. “ते येणारच नाहीत,” असं मास्तर म्हणाले. तिकडे रॉबर्ट वेस्टकडे आले, कारण फुकट होतं, जवळ होतं, आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी कामाला लागत होतं. आपण यातलं एकही अजून करून पाहिलेलं नाही. आणि हे वर्ग जुन्या गावात भरावेत. महालात, इतवारीत ओस पडत चाललेले वाडे आहेत, त्यातला एखादा पुरे.

जागेचं बोलले म्हणून आठवलं. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. डब्लिनची शाळा सरकारकडे गेली तेच हे साल. माझे आजोबा त्या मिलमध्ये होते. भोंगा झाला की आजी तांदूळ वैरायची. मिल कायमची बंद झाली, आणि त्या जागेवर आता मॉल आहे. सिनेमाला लोक जातात, मीही गेले आहे. थॉमस स्ट्रीटच्या अंगणातल्या त्या हिरव्या पडलेल्या हंड्यांपाशी उभी राहिले की मला दर वेळी आजोबांचा साचाखाता आठवतो. तिकडच्या लोकांनी दारूची भट्टी पोरांना शिकायला दिली. सुताची गिरणी, ज्या गिरणीनं हे शहर वाढवलं, तिच्यातली एक शेड आपल्याला विणकामाच्या शाळेसाठी ठेवता आली नाही. ती जागा गेली. तशी दुसरी जाण्याआधी कुणीतरी बोलायला हवं, आणि दादासारखी, मास्तरांसारखी माणसं बोलली तर ते ऐकलं जाईल, कारण ती तिथे राहतात.

दादा मला म्हणाला होता, “तू तिकडे बसून सांगून राहिली.” तो रागानं बोलला नव्हता. बारा वर्षांत मी नागपूरला कर भरलेला नाही, मत दिलेलं नाही, कुठल्या सभेला बसलेले नाही. त्यामुळे यापैकी एकही गोष्ट मी करू शकत नाही, हे मला कळतं. मी एवढंच केलं, की परतायच्या आधी दोन दिवस भाचीला घेऊन चितार ओळीत गेले आणि आजोबांना विचारलं, हिला काही दाखवाल का.

त्यांनी तिला एक अर्धी वाळलेली मूर्ती समोर ठेवून डोळ्यांची आखणी करायला सांगितली. तिचा हात थरथरला, एक डोळा मोठा झाला. त्यांनी ओल्या फडक्यानं तो पुसला आणि पुन्हा कर म्हणाले. चार वेळा पुसला. आता ती दर शनिवारी जाते, एनआयडीच्या क्लासनंतर. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, “आत्या, आजोबा म्हणाले, पुढच्या वेळी स्वतःचा ब्रश घेऊन ये.”